खोक्यातली हवा : घरी स्पीकर बांधताना

नरकचतुर्दशीच्या पहाटे, ३१ ऑक्टोबर २०२४ला, बाबांनी नेहमीप्रमाणे अभ्यंगस्नान उरकून सनई लावली आणि डाव्या स्पीकरमधून पत्र्यावर वाळू चाळल्यासारखा आवाज आला. स्पीकर अठरा वर्षांचे. पुढची जाळी काढली तर शंकूच्या कडेचा फोमचा पट्टा बोट लागताच भुगा होऊन हातात आला. खोक्याचा तळ एमडीएफचा, तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला होता. गोव्यात, फोंड्याजवळच्या आमच्या कवळ्यात पावसाचे चार महिने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंही सरळ राहत नाहीत, तिथे दाबलेल्या भुशाची काय कथा.

दुरुस्तीवाला म्हणाला, फोम बदलता येईल, खोक्याचं काही होणार नाही. नवीन जोडीसाठी दोन दुकानं फिरले. खिशाला परवडणारे सगळे एमडीएफचेच. मग डोक्यात आलं की खोकं म्हणजे शेवटी खोकंच, प्लायचं करून घेऊ. या एका वाक्याने माझे पुढचे दहा महिने खाल्ले. मी फोंड्यात एका कचेरीत हिशेब बघते. सोल्डरिंग आयर्न आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं. कोणाला असलं काही करायची हौस आली तर माझ्या चुका तरी त्याच्या वाचतील, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

पहिले दोन आठवडे नुसतं वाचन. मुळात खोकं लागतंच कशाला, इथपासून सुरुवात. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खोकं नसेल तर खालच्या सुरांत या दोन्ही लाटा कडेने वळून एकमेकींना मिळतात आणि एकमेकींना पुसून टाकतात; बास, म्हणजे खालचा गंभीर आवाज, उरतच नाही. मागची लाट कोंडून ठेवणं हे खोक्याचं पहिलं काम. कोंडलेली लाट मात्र गप्प बसत नाही. माझ्या दहा महिन्यांतले तीनेक तिच्यामागे गेले.

खोकी साधारण दोन जातीची. एक पूर्ण बंद, दुसरं भोकाचं, ज्याला बास रिफ्लेक्स म्हणतात. दुसरं समजायला मला पुस्तक लागलं नाही, घरात घुमट आहे. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर चामडं (पूर्वी घोरपडीचं असे, त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं) आणि धाकटं तोंड मोकळं. वाजवणारा डाव्या पंजाने ते धाकटं तोंड झाकतो, उघडतो, आणि घुमटाचा गंभीर ‘घूं’ त्याप्रमाणे बदलतो. स्पीकरच्या भोकातही तेच होतं: आतली हवा स्प्रिंगसारखी, भोकातली हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी, आणि दोघांचा मिळून एक ठरलेला सूर. त्या सुराजवळ बासला फुकटात जोर मिळतो. बंद खोक्याची कल्पना वेगळी. त्यात शंकूला आवरून धरायचं काम आतली कोंडलेली हवाच करते. अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ साली ‘एआर-१’ या स्पीकरने ती बाजारात रूढ केली आणि लहान खोक्यातूनही खोल बास निघू शकतो हे दाखवून दिलं.

मी बंद खोकं निवडलं, त्याचं कारण मात्र तितकंसं शास्त्रीय नाही. आमच्या घरात कुठलंही भोक आठ दिवस मोकळं राहिलं की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते. टीव्हीच्या मागे, कुलपात, एकदा तर बाबांच्या छत्रीच्या दांड्यात. उरलेल्या जागेत पाली. भोकाचा स्पीकर मी त्यांच्यासाठी बांधला असता.

खोकं केवढं, हे मनाने ठरवता येत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि नंतर १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेले काही आकडे आज चांगल्या ड्रायव्हरच्या कागदावर छापलेले असतात. (ड्रायव्हर म्हणजे खोक्याशिवायचा नुसता स्पीकर, चुंबक आणि शंकू. हा शब्द ऐकून आईला बरेच दिवस वाटत होतं की मी गाडी घेतेय.) मी निवडलेला साडेसहा इंची फुल रेंज ड्रायव्हर होता, म्हणजे वरचे-खालचे सगळे सूर एकाच शंकूतून, क्रॉसओव्हरची, म्हणजे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटून देणाऱ्या सर्किटची, भानगड नाही. त्याचे आकडे असे: स्वतःचा सूर ४२ हर्ट्‌झ, क्यूटीएस (त्या सुरावर शंकू किती सैल झुलतो याचा आकडा) ०.३८, व्हीएएस (शंकूच्या टांगणीइतकीच लवचीक असलेली हवा) २४ लिटर. हिशेब सोपा आहे. २४ला खोक्याच्या लिटरने भागा, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा. त्या वर्गमूळाने ४२ला गुणलं की खोक्यात बसल्यावरचा सूर मिळतो आणि ०.३८ला गुणलं की खोक्यातला क्यू. बारा लिटरला वर्गमूळ येतं १.७३, सूर ७३ हर्ट्‌झच्या आसपास, क्यू ०.६६. हा क्यू ०.७च्या आगेमागे असला की बास ना फुगीर ना रोडका. एकवर गेला की एकच एक ‘धुम्म’ सगळ्या गाण्यांत ऐकू येतो. बारा लिटर पक्के केले.

ड्रायव्हरची जोडी १२ नोव्हेंबरला परदेशातून मागवली. जोडीचे १०,४०० आणि पाठवणीचे २,९००. पार्सल २५ नोव्हेंबरला मुंबईत उतरलं आणि तिथेच बसलं. कुरिअरचा मेल आला: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करा. केला. दोन दिवसांनी परत आला, ‘पत्ता जुळत नाही’. गोव्याबाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण आहे. माझ्या एका कागदावर गावाचं नाव पोर्तुगीज वळणाने ‘क्यू’ अक्षरापासून सुरू होतं, दुसऱ्यावर ‘के’पासून. गाव एकच, देऊळ एकच, पिन कोड एकच. फोनवरच्या मुलीला मी तीनदा सांगितलं, ती तीनदा म्हणाली, ‘मॅडम, सिस्टीम घेत नाही.’ शेवटी ज्यावर ‘के’ होता ते एकच ओळखपत्र दोन्ही रकान्यांत लावलं आणि ऑर्डरवरचा पत्ता विक्रेत्याकडून अक्षरशः त्याच्यासारखा करून घेतला. विक्रेत्याने बिलाची नवी प्रत पाठवली, त्यावर ‘वैयक्तिक वापरासाठी, दोन नग’ असं लिहून घेतलं. सीमाशुल्क आणि कर मिळून ४,१५० भरले, आणि १३ डिसेंबरला खोकं दारात आलं. सांगायचं एवढंच की मागवण्याआधी पत्त्याचं स्पेलिंग ओळखपत्रावरून बघून भरा; माझे अठरा दिवस गेले. आणि शुल्काचे पैसे वेगळे काढून ठेवा.

प्लाय ४ जानेवारीला, शनिवारी, फोंड्यात घेतला. दुकानात दोन प्रकार दाखवले, आयएस ३०३चा आणि आयएस ७१०चा. दुसरा म्हणजे मरीन प्लाय, उकळत्या पाण्यातही थर सुटू नयेत असा. दुकानदार म्हणाला, स्पीकरला कशाला मरीन? मी म्हटलं, जूनमध्ये आमच्या हॉलमध्ये या. १८ मिलिमीटरचा आठ बाय चार फुटांचा तक्ता, बत्तीस चौरस फूट, ११२ रुपयांनी ३,५८४. अर्धा मिळाला नाही. कापायचे ४०० तिथेच दिले, कारण यंत्रावरची काप काटकोनात येते आणि बंद खोक्यात फट राहिली की सगळंच मुसळ केरात.

आणि इथेच मी सगळ्यांत मोठी चूक केली, नुसत्या कागद-पेन्सिलीने. आतली मापं ठेवली उंची ३६, रुंदी २१, खोली १८ सेंटिमीटर. गुणाकार साडेतेरा लिटरच्या वर, आधाराची फळी आणि ड्रायव्हरचा मागचा भाग वजा जाऊन बारा. छत्तीस आणि अठरा हे आकडे मला छान गोल वाटले होते. त्याचं पुढे येईल.

आमचे मेस्त, म्हणजे सुतार, गावातलेच, सत्तरीला टेकलेले, दारं-खिडक्यांत हात बसलेला. ते येतो म्हणाले आणि एका घराच्या छपराचं काम निघाल्याने तीन आठवडे आले नाहीत. २५ जानेवारीला आले. फळ्या मांडून बघितल्या, मधल्या आडव्या फळीला पाडायची चार भोकं बघितली आणि म्हणाले, ‘बाय, हें कितें? कोंब्यांचो गूड?’ कोंबड्यांचं खुराडं वाटलं त्यांना. पण काम बघत राहावं असं. मी इंटरनेटवरून आणलेल्या आकृतीकडे त्यांनी एकदाच पाहिलं, फळीला पाणी लावल्यागत गोंद लावला, क्लॅम्प आवळले आणि कर्णांची दोरी धरून खोकं काटकोनात आहे की नाही ते पाहिलं. सांध्यातून बाहेर आलेला गोंद त्यांनी पुसला नाही, बोटाने आतल्या कोपऱ्यांत ओढून घेतला. ‘वारं जाऊंक फावना,’ म्हणाले. मी त्यांना हवाबंद हा शब्द सांगितलाच नव्हता.

ती आडवी फळी बरोबर मध्यावर न ठेवता जरा खाली घेतली. ठोकलेल्या प्रत्येक फळीला स्वतःचा एक सूर असतो. मध्यावर आधार दिला तर दोन्ही अर्धे एकाच सुरात थरथरतात, वर-खाली केला तर सूर फुटतात आणि वरही सरकतात. दोन दिवसांचे २,४०० दिले. पुढच्या फळीच्या उभ्या कडा त्यांनी रंध्याने गोल करून दिल्या. हे नुसतं दिसण्यासाठी नाही. अमेरिकन ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी वेगवेगळ्या आकारांच्या खोक्यांतून एकच स्पीकर वाजवून मोजलं होतं. १९५१ सालचा तो लेख अजून वाचला जातो. गोलाकार खोक्याचा आलेख सगळ्यांत सपाट, धारदार कडांच्या चौकोनी खोक्याचा खडबडीत, कारण लाट कडेवरून तुटते आणि कडच जणू दुसरा स्पीकर होऊन बसते. वीस मिलिमीटरच्या गोलाईने वरचे सूरच काय ते सुधारतात, हेही खरं.

८ फेब्रुवारीला पहिल्यांदा वाजवले. आत काहीच नाही, नुसतं लाकूड.

बाबांनी गायिका केसरबाई केरकर लावल्या. फोंडा तालुक्यातल्याच केरीच्या, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याबद्दल घरच्यासारखं बोललं जातं. १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेली त्यांची भैरवी. दोन मिनिटं ऐकून बाबा म्हणाले, ‘छान आहे गं.’ त्यांना छान वाटत नव्हतं हे कळत होतं. आवाज समोरून येण्याऐवजी माठात तोंड घालून कोणी गातंय असा येत होता. मग एक पेटीची तबकडी लावली. मधल्या सप्तकात सूर चढत गेले आणि पांढरी सातच्या (पेटीच्या सातव्या पांढऱ्या पट्टीच्या) जवळ येताच खोकं स्वतःच गायला लागलं. तो एक सूर बाकीच्यांहून मोठा, आणि बोट उचललं तरी मागे रेंगाळणारा. रात्री झोप लागली नाही. २५ हजार पाण्यात गेल्यासारखे वाटत होते, आणि आई त्यावर एक शब्द बोलली नाही, ते आणखी वाईट.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. पुढच्या रविवारी तो यूएसबी साउंड कार्ड, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि लॅपटॉपवर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन आला. स्पीकर दर सुराला अ‍ॅम्प्लिफायरला किती विरोध करतो, म्हणजे इम्पीडन्स, त्याचा आलेख यातून निघतो. माइक लागत नाही, खोलीचा गोंधळ त्यात मिसळत नाही. सुरुवात करणाऱ्याने हेच करावं असं माझं मत झालंय. ७३ हर्ट्‌झवर एक मोठा डोंगर दिसला, अगदी हिशेबात आला होता तिथेच. मला एकदम हुरूप आला. मग भाच्याने उजवीकडची रेघ मोठी करून दाखवली. सरळ चढत जाणाऱ्या रेघेवर ४८५ला एक बारीक गाठ, ९७०ला तिच्याहून ठळक गाठ. दोऱ्यात गाठ पडावी तशी.

वरच्या आणि खालच्या फळीमध्ये लाट पुढे-मागे आदळत राहते, आणि त्या अंतरात बरोबर अर्धी लाट मावते त्या सुराला ती उभी राहते. तीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. ०.३६च्या दुपटीने भागा: ४८५. पांढरी सातच्या शेजारी. खोली १८ सेंटिमीटर, तिचा सूर ९७०. आणि उंचीचा दुसरा सूर, दुप्पट, तोही ९७०! माझ्या गोल वाटलेल्या आकड्यांनी दोन लाटा एकाच जागी आणून उभ्या केल्या होत्या. उंची, रुंदी, खोली एकमेकींच्या पटीत ठेवू नयेत. साधारण एक, एक पूर्णांक सहा, दोन पूर्णांक सहा अशा ओबडधोबड प्रमाणात ठेवतात ते याचसाठी. रुंदीच्या लाटेची गाठ मात्र दिसलीच नाही, कारण ड्रायव्हर रुंदीच्या मध्यावर होता आणि त्या लाटेचा दाब मध्यावर शून्य असतो. उंचीतही तो जरा मध्याकडे घेतला असता तर ४८५ची गाठ अर्धीसुद्धा राहिली नसती. मी तो वरून बारा सेंटिमीटरवर घेतला होता, दिसायला बरा म्हणून.

खोकी मोडायची नव्हती. उरला मार्ग आतल्या अस्तराचा, आणि त्यात फेब्रुवारी ते एप्रिल गेले.

आधी नमदा, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाड फेल्ट. दोन सेंटिमीटर जाडीचा, ४५० रुपयांचा, पाचही आतल्या भिंतींना चिकटवला. सगळीकडे असाच सल्ला असतो. आवाजातली कर्कश धार गेली, झांजा ऐकवू लागल्या. माठ मात्र होता तिथेच. आलेखात ९७०ची गाठ किंचित बसली होती, ४८५ची जशीच्या तशी. मला वाटलं, माल हलका लागला.

मग २१ फेब्रुवारीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ८० रुपयांचा काथ्या आणला. गोंयकार असून काथ्या वापरू नये? फरक जवळजवळ शून्य. त्याचे तंतू जाड आणि विरळ, हवा त्यातून वाट काढून निघून जाते. वर त्याचा भुसा झडतो, आणि तो ड्रायव्हरच्या कॉइलच्या फटीत गेला की खरखर कायमची. मलमलीत गुंडाळला नव्हता, ही पुन्हा माझीच घाई. मग जुन्या गादीतला कापूस. तो बरा निघाला, पण चार दिवसांत स्वतःच्या वजनाने खाली बसला आणि वरची अर्धी जागा रिकामी.

यानंतर आईच्या दोन उशा. पॉलिएस्टरच्या तंतूंच्या, पातळशा, प्रत्येकीत साडेतीनशे ग्रॅम. एकेका खोक्यात एकेक उशी कोंबली. दोन्ही गाठी गायब! आणि गाणंही गायब. केसरबाई घोंगडी पांघरून गात होत्या, तबल्याच्या बायाला दम राहिला नव्हता. ठासून भरलं की तंतूच जागा खातात आणि शंकूला ओढत राहतात.

मार्चच्या मध्याला केव्हातरी, उन्हाळ्याच्या दुपारी मागची फळी उघडी टाकून बसले होते, आणि जे महिनाभर वाचत होते ते तेव्हा डोक्यात उतरलं. भिंतीला टेकलेली हवा हलूच शकत नाही, तिथे नुसता दाब चढतो-उतरतो. हवेची खरी ये-जा भिंतीपासून पाव लाटेवर सगळ्यांत जास्त. तंतू आवाज शोषतात ते हलत्या हवेला घासून. जिथे हवा हलतच नाही तिथे ते कशाला घासणार? दोन सेंटिमीटरचा नमदा ज्या सुराच्या पाव लाटेएवढा आहे तो सूर आहे ४,३०० हर्ट्‌झच्या वर. म्हणून झांजा सुधारल्या. ४८५ची लाट ७२ सेंटिमीटरची, पाव लाट अठरा, म्हणजे माझ्या खोक्याची नेमकी मधली जागा, जी मी प्रत्येक वेळी रिकामी सोडत होते.

मच्छरदाणीच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या. प्रत्येकीत १२० ग्रॅम तंतू, हाताने पिंजून मोकळे केलेले. लिटरला दहा ग्रॅम पडतात. पिशवी आडव्या फळीच्या भोकातून ओढून खोक्याच्या मधोमध टांगली, वरून-खालून दोऱ्याने ताणून, म्हणजे खाली बसायला नको आणि शंकूलाही लागायला नको. ड्रायव्हरच्या बरोबर मागे, पाठीच्या भिंतीवर, नमद्याचे दोन थर ठेवले. शंकू कागदाचा असतो. मागच्या भिंतीवर आपटून आलेला आवाज एका मिलिसेकंदात त्याच्यातूनच पुढे डोकावतो, त्याची वाट तिथेच अडवलेली बरी. आलेख काढला. ४८५ची गाठ नखाएवढी, ९७०ची दिसेना. मोठा डोंगर ७३वरून सत्तरच्या खाली सरकला होता. तेही वाचलेलं: हवा दाबली की तापते, सैल झाली की निवते, तंतू ती उष्णता घेतात-देतात, म्हणून हवा मऊ वागते आणि खोकं आहे त्याहून मोठं भासतं. हिशेबाने जास्तीत जास्त १.४ पट, माझ्या आकड्यांवरून मला पंधराएक टक्के मिळाले.

बाबांना काही न सांगता तीच भैरवी लावली. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला नाही, पण पान उलटायचे थांबले.

बाकीचं भराभर सांगते. बाजूच्या फळ्यांवर बोटाच्या पेराने ठोकलं की ‘टंग’ असा सूर येई. गच्चीच्या गळतीला लावतात तसल्या डांबरी शीटचे तुकडे, ६०० रुपयांचे, आतून चिकटवले; ‘टंग’चं ‘ठक’ झालं. (बीबीसीच्या इंजिनीअरांनी १९७०च्या दशकात एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर केला, त्यात फळ्या मुद्दाम पातळ ठेवून आतून डांबरी थर दिला होता. जाड फळीचा सूर वर जातो आणि कानाला जास्त टोचतो, असा त्यांचा विचार. माझ्या १८ मिलिमीटरच्या फळ्यांना दोन्हींतलं थोडं थोडं मिळालं.) डांबराचा वास पंधरा दिवस गेला नाही, हे उन्हात ठेवून करा. पुढची फळी २४.६ सेंटिमीटर रुंद, त्यामुळे साडेचारशे-पाचशे हर्ट्‌झच्या खाली आवाज पुढे न राहता मागेही पसरतो आणि गाणं चिरकं वाटतं, म्हणून १.५ मिलीहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर ४.७ ओहमचा रेझिस्टर लावून वरचे सूर थोडे खाली आणले. दोन्ही स्पीकरचं सामान ६५० रुपये. वायर आणि टर्मिनल ७००. पॉलिश १,३००.

मागची फळी बारा स्क्रूंवर ठेवली होती, उघडझाप करता यावी म्हणून. दहाव्यांदा उघडल्यावर तीन स्क्रू नुसते गरगर फिरू लागले, प्लायमधला आटा गेला. आगपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकांत ठोकल्या, रात्रभर ठेवलं, धरले. पहिल्यापासून लोखंडी इन्सर्ट नट बसवले असते तर हे झालं नसतं. फटीला दाराची फोमची पट्टी लावली. हवाबंद झालंय का बघायला शंकू चार बोटांनी सारखा दाबून आत ढकलायचा आणि सोडायचा: सावकाश परत आला तर ठीक, टुणकन आला तर कुठेतरी गळतंय.

११ मेला शेवटचे स्क्रू आवळले. पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला. मी एका पुरचुंडीत १०० ग्रॅम कापूस आणि दुसरीत तेवढेच उशीचे तंतू अडगळीच्या खोलीत टांगून ठेवले होते. जुलैअखेर वजन केलं: कापूस १०७, आणि कुबट वास, तंतू १००च. एक खोकं उघडून पाहिलं, सांधे कोरडे, नमद्याच्या एका कोपऱ्यावर पांढरट बुरशी. तो कोपरा कापून टाकला. नमद्यात लोकर असते हे मला सुचायला हवं होतं.

एकूण खर्च २७,६१४. यात उशा धरलेल्या नाहीत.

२७ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला जागा हवी म्हणून स्पीकर सोप्यात हलवले. संध्याकाळी आरत्यांना काकांनी घुमट घेतलं, त्यामुळे स्पीकर लावायचा प्रश्नच नव्हता. मेस्त दर्शनाला आले होते. प्रसाद घेऊन जाता जाता खोक्यापाशी थांबले, पेराने बाजूला ठोकलं, मग मागे ठोकलं, मग शेजारच्या भिंतीवर, दारावर, आणि परत खोक्यावर.

‘भितर कितें घातलां?’

‘आईची उशी.’

आई आतून, मोदक तळता तळता: ‘एक न्हय, दोन!’